फॉर्ममध्ये नसलेला प्रश्न

प्रति,
मा. केंद्रीय मत्स्यव्यवसाय, पशुसंवर्धन व दुग्धव्यवसाय मंत्री,
नवी दिल्ली

विषय : परदेशातून आणलेल्या भटक्या मांजराच्या, विमानतळानंतरच्या प्रवासाबाबत

महोदय,



२०१९ साली मासे आणि जनावरं यांचं मिळून स्वतंत्र मंत्रालय झालं तेव्हा आमच्या दिघीच्या कोळीवाड्यात कुणी त्याकडे लक्ष दिलं नव्हतं. मला मात्र आता हसू येतं. मासळीची टोपली आणि मांजर एकाच माणसाच्या ताब्यात द्यायचं, हे माझ्या आईला उभ्या जन्मात जमलं नाही. तुमच्या खात्याने ते पाटी रंगवून जाहीर केलं. तेव्हा मांजराची कैफियत घेऊन मी दुसऱ्या कुणाकडे जाणार?

दिघी नकाशावर चटकन सापडत नाही. श्रीवर्धन तालुक्यात, राजपुरी खाडीच्या मुखाशी, दक्षिणेच्या काठावर आमचं गाव आहे. समोरच्या काठावर आगरदांडा, मध्ये फेरीबोट, आणि बोटीतून मान वळवली की पाण्यात उभा जंजिरा. गावातल्या बऱ्याच घरांतला एकेक माणूस आखातात असतो. मीही अकरा वर्षं मस्कतला होतो. मत्रा भागातल्या एका गोदामात स्टोअरकीपर. आलेला माल मोजायचा, गेलेला माल मोजायचा, आणि दोन्ही आकडे जुळले नाहीत तर रात्री जागायचं, हे माझं काम. गेल्या वर्षी मे महिन्यात मी कायमचा परत आलो. येताना सोबत दोन बॅगा, एक मिक्सर आणि एक मांजरी होती.

ही मांजरी कुठल्या जातीची नव्हती. करडी, पट्ट्यापट्ट्यांची, मत्राच्या मासळी बाजारामागे वाढलेली. डाव्या कानाचं टोक सरळ रेषेत कापलेलं होतं. भांडणात कान फाटला तर असा नीट फाटत नाही. भटक्या मांजराची नसबंदी करून सोडून देताना डॉक्टर ही खूण करतात, म्हणजे पुन्हा कुणी पकडून भूल देऊ नये. कुणा अनोळखी माणसाने तिच्यासाठी एकदा खर्च केला होता, एवढाच तिचा पूर्वेतिहास. आमच्या गोदामाच्या फलाटावर ती दुपारी चारला यायची. केरळचा सहकारी तिला 'पूच्चा' म्हणायचा, ओमानी ड्रायव्हर ओठ मिटून 'बिस् बिस्' करायचा, मी 'मने' म्हणायचो. ती तिघांनाही ओ द्यायची, कारण तिघांच्याही हातात टुनाचा डबा असायचा.

आखातात भटकी मांजरं फार, आणि त्यांना खायला घालणारी परदेशी माणसंही फार. बायका-मुलं दूर, खोलीत आठ जण, सुट्टी दोन वर्षांनी. अशा माणसाला दाराशी वाट बघणारं कुणीतरी हवं असतं. पण करार संपला की माणूस आठ दिवसांत निघून जातो. मांजराला ते कुणी सांगत नाही. आमच्या आवारात एक पिवळा बोका होता. कॅन्टीनचा स्वयंपाकी त्याला रोज रात्री नऊला खायला घालायचा. स्वयंपाकी गेला. त्यानंतर तीन आठवडे मी त्या बोक्याला नऊ वाजता बंद दाराशी बसलेला पाहिलं. आम्ही घातलेलं तो खायचा, पण खाऊन झालं की पुन्हा त्याच दाराकडे तोंड करून बसायचा. माझा करार संपल्याचं पत्र आलं त्या संध्याकाळी मला हिशेब आठवला. सहा वर्षं मीच हिला चार वाजताची सवय लावली होती. पोटाला लावून निघून जाणं, याला आमच्याकडे भूतदया म्हणत नाहीत.

आता कागदांकडे येतो.

दोन वर्षं सलग परदेशात राहून कायमचा परतणारा माणूस आपल्यासोबत दोनपर्यंत पाळीव कुत्री-मांजरं आणू शकतो. नियमांच्या भाषेत हा जीव 'बॅगेज' असतो, म्हणजे सामान. बाकीच्यांना विदेश व्यापार महासंचालनालयाचा परवाना लागतो. मी पहिल्या गटातला. तरीही मांजराच्या कातडीखाली पंधरा आकडी चिप हवी. रेबीजची लस दिल्याला तीस दिवस उलटलेले हवेत आणि वर्ष उलटलेलं नको. तिथल्या सरकारी पशुवैद्यकाचा आरोग्य दाखला हवा. आणि निघण्याच्या निदान आठवडाभर आधी तुमच्या क्वारंटाइन विभागाकडे ना-हरकत दाखल्यासाठी अर्ज करायला हवा. जनावर उतरवता येतं तेही मोजक्या विमानतळांवर, जिथे तुमच्या खात्याचं केंद्र आहे तिथे. कागद पुरे नसतील तर जनावर महिनाभर क्वारंटाइनमध्ये, नाहीतर आल्या विमानाने परत.

यातल्या एकाही अटीबद्दल माझी तक्रार नाही. रेबीज झालेला माणूस मी लहानपणी पाहिला आहे. त्यानंतर या नियमांना कुणी जाच म्हटलं की मला राग येतो. मला त्रास दिला तो एका एजंटाने. चिपच्या नंबरातले दोन आकडे त्याने उलटसुलट टाइप केले होते. पंधरा आकड्यांतले दोन. निघण्याच्या आदल्या रात्री, स्टोअरकीपरच्या सवयीने, मी लसीच्या पुस्तकावरचा आकडा आणि दाखल्यावरचा आकडा बोट ठेवून वाचला म्हणून ते सापडलं. तिकीट पुढे ढकललं, दाखला नव्याने काढला, आणि सगळा खर्च मिळून दीड महिन्याचा पगार गेला. ज्याला वाचता येत नाही, किंवा ज्याच्याकडे दीड महिन्याचा पगार नाही, त्याचं मांजर तिथेच दाराशी बसून राहतं.

तुमचं खातं वेळ पडली तर मऊ होऊ शकतं हे मला ठाऊक आहे. २०२२ च्या फेब्रुवारीत युक्रेनवर युद्ध कोसळलं आणि आपली पोरं मिळेल त्या वाटेने सीमेकडे निघाली, तेव्हा काहींच्या जॅकेटमध्ये मांजरं होती, काहींच्या हातात कुत्र्याचा पट्टा. त्या वेळी तुम्ही एकदाच्या सवलतीचा आदेश काढून त्यांना ती जनावरं सोबत आणू दिलीत. बॉम्ब पडत असताना चिपचा नंबर विचारायचा नसतो, एवढं दिल्लीतल्या एका टेबलावर कुणाला तरी उमगलं. त्या टेबलालाच मी हे पत्र लिहितो आहे असं समजा.

मुंबई विमानतळावर तुमच्या खात्याचे एक डॉक्टर भेटले. त्यांनी पेटीच्या जाळीतून यंत्र फिरवलं, आकडा जुळवला, मांजरीचे डोळे पाहिले, हिरड्या पाहिल्या, कागदांवर सह्या केल्या. सगळं मिळून दहा मिनिटं. मी पेटी उचलली तेव्हा ते सहज म्हणाले, "घरी आधीची मांजरं आहेत का?" मी म्हटलं, आहेत, आईची. "मग पहिले पंधरा दिवस वेगळ्या खोलीत ठेवा. आणि निदान महिनाभर बाहेर सोडू नका. नवी जागा तिची झाली नसेल तर ती जुनी शोधायला निघते."

महोदय, माझ्याकडच्या फायलीत तेवीस कागद होते. त्या तेवीस कागदांत हा प्रश्न कुठेही नव्हता. आणि पुढच्या चार महिन्यांत मला उपयोगी पडला तो फक्त हाच.

आम्ही अलिबाग, मुरूड करत आगरदांड्याला आलो. वडखळपर्यंत ती ओरडली, पुढे रेवदंड्यापर्यंत ओकली. फेरीबोटीवर गाडी चढली आणि ती गप्प झाली. समुद्राचा वास तिला ओळखीचा वाटला असेल, असं लिहायचा मोह होतो. खरं सांगायचं तर इंजिनाच्या घरघरीत तिचा आवाज ऐकूच येत नव्हता.

दारात आई उभी होती. अकरा वर्षांनी लेक कायमचा घरी येतो म्हणून तिने भाकरतुकडा हातात धरला होता. तो तिने माझ्यावरून ओवाळला, मग पेटीकडे बघितलं, आणि जरा थांबून पेटीवरूनही ओवाळला. टाकून झाल्यावर म्हणाली, "मस्कतला सोनं मिलतं म्हनतात, आनि तू मांजर आनलंस?"

तेव्हापासून मांजरीचं नाव मस्कतवाली.

शेजारच्या काकांचा प्रश्न जास्त रोखठोक होता. "आपल्याकडे मांजरं कमी होती का रे? देशी मांजर मिळालं नसतं?" प्रश्न खोटा नव्हता. जेट्टीवर पंधरा-वीस मांजरं रोज असतात. पण 'देशी' या शब्दाशी मी अडलो, आणि त्याचं उत्तर मला आमच्या खाडीतच सापडलं.

जगातल्या सगळ्या घरमांजरांचा मूळपुरुष उत्तर आफ्रिकेतला आणि पश्चिम आशियातला रानबोका. आपल्या राजस्थान-कच्छकडे वेगळं रानमांजर आहे, पण घरात आलं ते हे नव्हे. म्हणजे चुलीपाशी अंग शेकणारं आपलं प्रत्येक मांजर कधीतरी बाहेरून आलेलं आहे, आणि बरंचसं जहाजातून; कारण धान्य तिथे उंदीर, आणि उंदीर तिथे खलाशाला मांजर हवंच. तांबड्या समुद्रावर इजिप्तमध्ये बेरेनिके नावाचं रोमन काळातलं बंदर होतं. तिथल्या उत्खननात इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातलं पाळीव जनावरांचं दफनस्थान सापडलं. पाचशेहून अधिक मांजरं, नीट निजवून पुरलेली, काहींच्या गळ्यात लोखंडी पट्टे, काहींच्या मणी. त्याच जमिनीत भारतातून नेलेली माकडंही पुरलेली आहेत. बेरेनिकेची गलबतं मोसमी वाऱ्यावर आपल्या किनाऱ्याला यायची. त्या काळच्या एका ग्रीक खलाशी-व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस'मध्ये चौलच्या पुढचं बंदर म्हणून 'मंदगोरा' हे नाव येतं. काही अभ्यासक ते म्हणजे आमच्याच राजपुरी खाडीच्या आत असलेलं मांदाड मानतात. शेजारच्या कुड्याच्या बौद्ध लेण्यांतून ती खाडी आजही पायाखाली दिसते.

तेव्हा मी काकांना म्हटलं, "आपली माकडं तिकडे गेली, त्यांची मांजरं इकडे आली. मी फक्त फेरी मारून आलो." काका म्हणाले, "दोन हजार वर्षांपूर्वी त्यांना दीड महिन्याचा पगार लागला नसंल." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता रुळण्याबद्दल सांगतो, कारण तुमच्या कागदांत नेमकं हेच नाही.

मागच्या पडवीला लागून जाळी ठेवायची खोली आहे. मी ती रिकामी केली. एक खाट, एक पाण्याचं भांडं, एक उताणं ठेवलेलं खोकं आणि कोपऱ्यात वाळूची पाटी. वाळू मी किनाऱ्यावरून आणून उन्हात वाळवली होती. मस्कतवालीने जन्मभर वाळूच वापरली, त्यामुळे तेवढं एक तिला पहिल्याच दिवशी समजलं. बाकी काही समजलं नाही. ती खाटेखाली शिरली आणि पाच दिवस तिथेच राहिली. दिवसा खायची नाही. रात्री आम्ही निजल्यावर भांड्यातलं थोडं कमी झालेलं असायचं.

पहिल्या दिवशी मी तिला ओढून बाहेर काढायचा प्रयत्न केला आणि हातावर चार रेघा ओढून घेतल्या. नंतर कळलं की हीच चूक. भ्यालेल्या मांजराची लपायची जागा काढून घेतली तर त्याची भीती वाढते. तिच्याकडे टक लावून पाहायचं नाही, टक लावणं म्हणजे तिच्या भाषेत धमकी. जमिनीवर बसायचं, दुसरीकडे बघायचं, आणि नजरानजर झालीच तर डोळे हळू मिटायचे आणि हळू उघडायचे. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणून आपण त्याला लबाड ठरवलं. पण डोळे मिटणं हा त्याच्याकडून विश्वासाचा दाखलाही असतो. मी रोज दुपारी चार वाजता, मत्राच्याच वेळेला, त्या खोलीत जाऊन वर्तमानपत्र वाचत बसू लागलो. सहाव्या दिवशी खाटेखालून एक पंजा आला आणि अग्रलेखावर ठेवला गेला.

मीही त्या दिवसांत फारसा बाहेर पडत नव्हतो. अकरा वर्षांनी आलेल्या माणसाला जो तो विचारतो, आता पुढे काय? त्या प्रश्नापेक्षा जाळ्यांची खोली बरी वाटायची. हे आईच्या लक्षात आलं होतं. ती दारातून दोन ताटल्या सरकवायची, एक माझी, एक मस्कतवालीची, आणि काही न बोलता जायची.

मग पाऊस आला. मस्कतला वर्षाला जेमतेम शंभर मिलिमीटर पाऊस पडतो. रायगडच्या किनाऱ्यावर त्याच्या कित्येक पट. त्यात ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात आमची कौलं उडाली होती आणि मी तिकडून पाठवलेल्या पैशांतून घरावर पत्रे चढले होते. कौलावरचा पाऊस बोलतो, पत्र्यावरचा ओरडतो. जूनच्या पहिल्या सरीला मस्कतवालीने असा आवाज काढला की मला वाटलं, साप चावला. ती भिंतीवर चढली, घसरली, आणि जुन्या जाळ्याच्या गुंडाळीत घुसून बसली. दोन दिवस अन्न नाही. शेवटी आईने आपलं जुनं लुगडं आणून त्या गुंडाळीवर टाकलं. अंधार झाला, आवाज थोडा दबला, आणि माणसाचा वास राहिला. तिसऱ्या दिवशी मस्कतवाली बाहेर आली ती आईच्या पायाला अंग घासत. त्या लुगड्याने आईची ओळख करून दिली होती. मी सहा वर्षं टुना घालून जे मिळवलं ते आईला दोन दिवसांत मिळालं, याचं मला थोडं वाईटही वाटलं.

पावसाबरोबर खाण्याचा पेच आला. जूनपासून मासेमारी बंद, हा तुमच्याच खात्याचा विषय. घरात ताजी मासळी नाही. सुके बोंबील, जवळा, खारं. मांजराला खारं चालत नाही, एवढं मीठ त्याला बरं नाही. दूध-भात घातला तर मोठ्या मांजराला दूध पुष्कळदा पचत नाही, आणि भाताने पोट भरलं तरी अंग भरत नाही. मांजराला टॉरीन नावाचा घटक लागतो, तो मांसाशिवाय मिळत नाही. उलट नुसती कच्ची मासळी रोज घातली तर काही माशांमुळे शरीरातलं ब-१ जीवनसत्त्व नासतं. हे मला अलिबागच्या एका पशुवैद्यकाने समजावलं. तालुक्यातला सरकारी दवाखाना गाई-म्हशी-शेळ्यांच्या धावपळीत असतो, आणि ते योग्यच आहे. आमच्या भागात घर चालतं ते शेळीवर, मांजरावर नव्हे. शेवटी तोडगा निघाला तो असा : अर्धं दुकानातलं कोरडं खाणं, अर्धं शिजवलेलं कोंबडीचं काळीज-मांस, आणि आठवड्यातून एकदा मीठ न लावलेला शिजवलेला मासा, मिळाला तर. आईने ते ऐकलं आणि म्हणाली, "माझ्या पोरांना इतकं मोजून घातलं नव्हतं."

याच दिवसांत मस्कतवालीने आईला ओरखडलं. मी जखम साबणाने पंधरा मिनिटं धुतली आणि आईला डॉक्टरकडे नेलं. मी लसीचं पुस्तक पुढे केलं. एका पानावर इंग्रजी, दुसऱ्यावर अरबी. डॉक्टरांनी ते बाजूला ठेवलं आणि आईला रेबीजच्या लशी सुरू केल्या. त्यांचं बरोबर होतं, धोका पत्करण्याचा हा रोग नाही. रेबीज फक्त कुत्र्याने होतो असा आमच्या गावात अजून समज आहे. आईने दंडाला लावलेला कापूस धरून मला विचारलं, "मग त्या पुस्तकाचा उपयोग काय रं?" महोदय, हा प्रश्न मी तुमच्याकडे पाठवतो.

आईच्या तीन मांजरांशी भेट शेवटी झाली. पंधरा दिवस दार बंद. मग दाराच्या फटीखालून दोन्हीकडची पोती अदलाबदल, म्हणजे एकमेकांचा वास. मग दाराच्या दोन बाजूंना एकाच वेळी जेवण. मग जाळी लावून समोरासमोर. फिस्कारणं, शेपट्या फुगणं, सगळं रीतसर झालं. गावच्या पंचायतीत नवा माणूस यायला याहून कमी विधी लागत नाहीत. जाळ्यांच्या खोलीत मस्कतवालीने तोवर दोन उंदीर मारले होते आणि आईने ते मोजले होते. उंदीर जाळं कुरतडतो तेव्हा काय जातं ते कोळणीला माहीत असतं. त्या दिवसापासून आईच्या तोंडून 'तुझं मांजर' जाऊन 'आपलं मांजर' आलं.

आता माझं म्हणणं.

महोदय, मांजर हे माणसापेक्षा जागेशी जास्त बांधलेलं जनावर. त्याला नव्या देशात आणणं म्हणजे त्याची सगळी जमीन काढून घेणं. तुमचे नियम रोगाला दारात अडवतात, आणि ते अडवायलाच हवेत. पण कागदावर ते मांजर एकतर रोग असतं नाहीतर सामान. त्याला आता कुठेतरी राहायचं आहे, ही तिसरी गोष्ट कुठल्याच रकान्यात नाही. आणि आणलेलं मांजर महिनाभरात उघड्या दारातून निघून गेलं, तर तुमची चिप, माझा पगार आणि त्याचा जीव तिन्ही वाया जातात. आमच्याकडे मांजर मेलं आपल्या हातून तर सोन्याचं मांजर करून काशीला वाहावं लागतं, असं म्हातारी माणसं सांगत. त्या नियमात सामान वगैरे शब्द नव्हते.

माझ्या तीन मागण्या आहेत, खर्चाच्या फारशा नाहीत.

पहिली. ना-हरकत दाखल्यासोबत एक पान द्या, आखातातून परतणाऱ्यांच्या भाषांत. मराठी, मल्याळम, तेलुगू, उर्दू, तमिळ. एक खोली, महिनाभर बंद दार, आधीच्या मांजरांपासून पंधरा दिवस दूर, काय घालावं, ओरखडलं तर काय करावं. आणि त्याच पानावर स्पष्ट लिहा की शक्य असेल तर आणू नका. तिथेच नसबंदी, लस आणि तुमच्या नंतर घालणारा माणूस ठरवून या, तेही तेवढंच पुण्याचं. हे पत्र वाचून कुणी उठून मांजर पेटीत भरावं असा माझा हेतू नाही. आणायचं तर रुळवायची तयारी करून आणा, एवढंच.

दुसरी. विमानतळावरच्या डॉक्टरांचा तो प्रश्न फॉर्मवर घ्या : घरी आधीची मांजरं आहेत का? आणि जनावर जिथे जाणार त्या तालुक्याच्या पशुवैद्यकाला दाखल्याची एक प्रत जाऊ द्या. म्हणजे पुढच्या वर्षीची लस चुकणार नाही, आणि त्या पुस्तकाचा काही उपयोग झाला असं आईला सांगता येईल.

तिसरी मागणी थेट दिघीची. २०२१ मध्ये आमच्या बंदराची मालकी बदलली आणि काम वाढलं. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या बारा औद्योगिक शहरांत दिघीचं नाव आहे. जहाजं वाढतील, कंटेनर वाढतील, आणि एखाद्या दिवशी कंटेनरचं दार उघडल्यावर आतून एक हाडकुळं मांजर बाहेर येईल. हे झालेलं आहे. २०२० च्या सुरुवातीला चीनहून खेळणी घेऊन आलेल्या कंटेनरमधून चेन्नई बंदरात एक मांजर निघालं. कोरोनाच्या भीतीने ते चीनला परत पाठवायची भाषा झाली. प्राणिमित्रांनी विरोध केला, आणि जवळजवळ तीन महिने पिंजऱ्यात राहिल्यावर एप्रिलमध्ये ते पेटा इंडिया या संस्थेच्या स्वाधीन झालं. त्या मांजराने कुठलाही अर्ज केला नव्हता. ते उंदरामागे आत गेलं आणि दार बंद झालं, इतकंच. दिघीला तसं झालं तर काय करायचं, हे आधी लिहून ठेवा. कुठे ठेवायचं, किती दिवस, कोण तपासणार, आणि निरोगी निघालं तर कुणाला द्यायचं. गोदामात मी शिकलो ते एवढंच, की न मागवलेला मालही कधीतरी येतो, आणि त्याची जागा आधी ठरलेली नसेल तर तो पावसात उभा राहतो.

नारळी पौर्णिमेनंतर होड्या बाहेर पडल्या. त्या आठवड्यात मी मागचं दार पहिल्यांदा उघडं ठेवलं. मस्कतवाली उंबऱ्यावर बसली, बाहेर गेली, आत आली, असं दिवसभर चाललं. संध्याकाळी आई मासळी साफ करायला ओट्यावर बसली आणि सवयीने तिने हाक मारली, "ये गो बाय." तिची तीन मांजरं आली. मग करडी आली. मी मागून हळूच 'बिस् बिस्' करून पाहिलं. तिने कान हलवला, वळून पाहिलं नाही. आईने बांगड्यांची चार डोकी चार ठिकाणी टाकली, नेहमीच्या तिनापेक्षा एक जास्त.

तुमचा फॉर्म बदलला तर उत्तराला दोन ओळींची जागा पुरेल. आमचं उत्तर आत्ताच लिहून ठेवतो. घरी आधीची मांजरं आहेत का? होय, तीन. चौथी त्यांच्याशेजारीच बसते, हातभर अंतर ठेवून.

कळावे.

आपला,
दिघी कोळीवाड्यातला एक रहिवासी